कंबरेचा टेप नेमका कुठे? बायकांच्या चरबीच्या मापांवरून मेटाबॉलिक सिंड्रोमचा अंदाज बांधण्याची रीत

गावोगावच्या आरोग्य शिबिरांतले तक्ते चाळले की कंबरेच्या रकान्यात ३०, ३२, ३४, ३६ असे सम इंच ओळीने भेटतात. कंबरा काही अशा सम आकड्यांत वाढत नाहीत. टेप कपड्यांवरून, घाईत, जिथे हात पोहोचला तिथे गुंडाळला आणि जवळचा सोयीचा आकडा लिहिला, एवढाच त्याचा अर्थ. मग त्याच आकड्यावरून एका काकीला ‘तुम्हाला काही नाही’ म्हणून परत पाठवतात आणि दुसरीला उगाच घाबरवतात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात, २६.४ टक्के निघाले. मधुमेहाच्या आधीची पायरी बऱ्याचदा मेटाबॉलिक सिंड्रोमची असते आणि ती ओळखण्याची सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे टेप. म्हणूनच ती नीट वापरायला हवी. हा लेख महिला मंडळात शिबिर घेणाऱ्या, उपकेंद्रात काम करणाऱ्या, नर्सिंग किंवा गृहविज्ञानाचा प्रकल्प करणाऱ्या आणि घरी स्वतःचे माप घेणाऱ्या बायकांसाठी आहे.

## आधी हे पक्के करा: अंदाज कशाचा?

मेटाबॉलिक सिंड्रोम हा पाच गोष्टींचा जुडगा आहे. २००९ च्या एकत्रित आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार पाचांपैकी कोणत्याही तीन असल्या की तो आहे असे धरतात. आपल्याकडच्या बायकांसाठी त्या रेषा अशा:

- कंबरेचा घेर ८० सेंमी किंवा जास्त
- ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) १५० किंवा जास्त
- एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ५० पेक्षा कमी
- बीपी वरचे १३० किंवा जास्त, अथवा खालचे ८५ किंवा जास्त
- उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त

रक्तातले आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. एचडीएलची रेषा पुरुषांना ४० आणि बायकांना ५० असते. काही लॅबच्या छापील रिपोर्टवर दोघांना एकच ‘नॉर्मल’ दिलेले असते. तेव्हा रिपोर्टवरची छापील रेषा न पाहता वरची यादी पाहा.

इशारा: बीपीची, साखरेची किंवा ट्रायग्लिसराइड्स-एचडीएलसाठीची गोळी चालू असेल तर ती बाब ‘आहे’ म्हणूनच मोजायची. ‘गोळीने बीपी १२० वर आलंय, मग टिक कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो. गोळी आहे म्हणूनच ते १२० वर आले आहे.

टेप, चिमटा (कातडीची घडी मोजणारा कॅलिपर) किंवा चरबीचे यंत्र यांतले काहीही सिंड्रोमचे निदान करत नाही. कुणाची रक्ततपासणी आधी आणि कुणाची नंतर, एवढे ते सांगतात. हे काम छोटे नाही, कारण सगळ्यांची रक्ततपासणी करण्याइतका पैसा कुठल्याच मंडळाकडे नसतो.

## टप्पा १: कुणाचे माप आज घ्यायचे नाही

गरोदर बाईचे माप घेऊ नये. बाळंतपणाला काही महिनेच झाले असतील तर घेतलेल्या मापावर अंदाज बांधू नये, कारण पोटाचे स्नायू आणि शरीरातले पाणी अजून जागेवर आलेले नसते. पोटात मोठी गाठ किंवा फायब्रॉइड असेल, हर्निया असेल, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पोटात पाणी झाले असेल, तर टेपवरचा आकडा चरबीचा राहत नाही. पायांना सूज असणारीच्या बाबतीत चरबीचे यंत्रही फसते.

पेसमेकर असलेल्या बाईला विजेच्या प्रवाहावर चालणाऱ्या चरबीच्या यंत्रावर उभे करायचे नाही. हा प्रश्न तिला विचारूनच पुढे जा.

या टप्प्यावर तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा: शेवटच्या पाळीची तारीख (किंवा पाळी बंद झाल्याचे साल), गरोदरपणात कधी साखर वाढली होती का, आणि स्टेरॉइडची औषधे चालू आहेत का. गरोदरपणातला मधुमेह होऊन गेलेल्या बाईची कंबर कितीही असली तरी तिला रक्ततपासणीच्या यादीत घ्या. टेपची वाट पाहायची गरज नाही.

## टप्पा २: साहित्य, जागा, वेळ

टेप. शिंप्याकडची कापडी टेप वर्षानुवर्षे ओढून लांब होते आणि लांब झालेली टेप कंबर कमी दाखवते. फायबरग्लासची न ताणणारी टेप घ्या. तीही सहा महिन्यांनी स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून तपासा. १०० सेंमीच्या लांबीत अर्धा सेंमीपेक्षा जास्त फरक दिसला तर ती बाद. माप सेंमीमध्येच घ्या. इंचांची बाजू वर आली की डोळा आपोआप ३२, ३४ शोधू लागतो. इंचातले जुने माप असेल तर २.५४ ने गुणा. ८० सेंमी म्हणजे साडेएकतीस इंच, ३२ नव्हे.

जागा. शिबिर बहुधा देवळाच्या सभामंडपात किंवा पंचायतीच्या सभागृहात असते. तिथे पडद्याचा आडोसा नसेल तर कंबरेचे माप घेऊच नका, कारण मग ते ड्रेसवरूनच घेतले जाणार. एक मोजणारी आणि एक लिहिणारी, दोघी बायकाच हव्यात. आकडा मोठ्याने ओरडून सांगायचा नाही. मोजणारीने हळू सांगावा, लिहिणारीने पुन्हा म्हणून दाखवावा. वाड्यावर कुणाची कंबर किती ही बातमी संध्याकाळपर्यंत पोहोचली की पुढच्या शिबिराला निम्म्या बायका येत नाहीत.

वेळ. सकाळी, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर. रक्त त्याच दिवशी घ्यायचे असेल तर सगळेच सोपे. पाळीच्या आधीच्या दिवसांत पोट फुगते, शक्य असेल तर ते दिवस टाळा. टाळता आले नाहीत तर निदान तशी नोंद करा.

तपासा: टेप तपासली, आडोसा आहे, मार्किंगचे पेन आहे, दोघी जणी आहेत, खुर्ची आहे. यातले काही नसेल तर तिथेच थांबा.

## टप्पा ३: उंची आणि वजन

हे लवकर होते, म्हणून इथेच निष्काळजीपणा शिरतो. उंचीला चप्पल काढा, आंबाडा सोडा, अबोलीचा वळेसर असेल तर तोही. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला, नजर समोर. वजनकाटा सपाट, कडक फरशीवर ठेवा. पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेल्या अंगणात किंवा चटईवर तो खोटे बोलतो.

बीएमआय काढा: किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. भारतीयांसाठीच्या २००९ च्या एकमत-शिफारशीनुसार २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता. मोबाइलवरची बरीच ॲप २५ आणि ३० या रेषा दाखवतात. त्या आपल्या नाहीत.

## टप्पा ४: कंबर

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. इथे चुकले तर पुढचे सगळे गणित फुकट.

पहिली चूक परकराच्या नाडीची. वर्षानुवर्षे नाडी बांधून कातडीवर वळ पडलेला असतो आणि टेप आपसूक त्या खाचेत जाऊन बसते. तो वळ बहुतेक जणींच्या बाबतीत खरी जागा दाखवत नाही. दुसरी चूक बेंबीची. बेंबी दिसायला सोयीची, पण बाळंतपणे झालेल्या, पोट सैल पडलेल्या बाईची बेंबी खाली सरकलेली असते. तिसरी म्हणजे ‘जिथे सगळ्यांत बारीक दिसते तिथे’. स्थूल बाईला अशी जागाच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेची रीत अशी:

१. बाईला सरळ उभे करा, पाय जवळ, वजन दोन्ही पायांवर सारखे. नाडी सैल करा, पोटावर कपडा नको. अगदीच नको म्हणाली तर एकच पातळ थर चालवून घ्या आणि तशी नोंद करा.

२. काखेच्या मध्यापासून सरळ खाली बोटे नेत शेवटची हाताला लागणारी बरगडी शोधा. तिच्या खालच्या कडेवर पेनाने खूण.

३. त्याच रेषेत खालून वर चाचपत कंबरेच्या हाडाची वरची कड शोधा. तिथे दुसरी खूण. चरबी जास्त असेल तर बोटे थोडी दाबावी लागतात. आधी सांगा आणि मगच दाबा.

४. दोन खुणांमधले अंतर मोजून बरोबर मध्यावर तिसरी खूण करा. दुसऱ्या बाजूलाही हेच.

५. टेप या मधल्या खुणांवरून आडवी फिरवा. पाठीमागे ती वर चढते किंवा खाली घसरते, म्हणून लिहिणारीने मागून पाहायचे. घरी एकटी असाल तर आरसा.

६. टेप कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. खाली एक बोट जेमतेम सरकले पाहिजे.

७. हात सैल सोडायला सांगा. ‘वहिनी, नेहमीसारखा श्वास घ्या, आता सोडा.’ श्वास सोडून संपतो त्या क्षणी वाचा.

८. मिलिमीटरपर्यंत लिहा: ८३.४. ८३ नाही, ८४ तर नाहीच.

९. टेप पूर्ण काढा आणि पुन्हा लावून दुसरे माप घ्या. दोन्हींत १ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर जागा पुन्हा शोधून तिसरे घ्या आणि जवळच्या दोघांची सरासरी लिहा.

इशारा: टेप लावताच जवळजवळ प्रत्येक बाई पोट आत ओढते. ‘पोट आत घेऊ नका’ म्हटले की आणखी ओढते. त्याऐवजी काहीतरी बोलायला लावा, आज घरी काय शिजवलंय ते विचारा. बोलता बोलता श्वास सुटतो, तेव्हा वाचा.

लोंबते पोट असेल तर ते उचलून टेप खाली घालू नका. खुणा हाडांवरून केल्या आहेत. टेप त्याच पातळीत, आडवी, पोटावरूनच जाईल.

काही ठिकाणी माप कंबरेच्या हाडाच्या कडेच्या लगेच वर घेतात. ती अमेरिकी रीत. बायकांमध्ये त्या जागी आकडा सहसा मोठा येतो. कोणतीही एक रीत पकडा, पण या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसरी असे करू नका. वर दिलेली ८० ची रेषा वापरायची असेल तर मधल्या खुणेचीच रीत ठेवा.

आता आकड्याचा अर्थ. भारतीय बायकांसाठी दोन पायऱ्या आहेत: ७२ सेंमीला सावध, ८० सेंमीला कृती. ७२ ते ८० मधली बाई ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाते, ही शिबिरातली सर्वांत मोठी गळती. तिच्या कार्डावर खूण करा आणि पुढच्या वर्षी तिला पुन्हा बोलवा.

कंबरेला उंचीने भागा. ०.५ किंवा जास्त आले तर धोका वाढलेला. आपल्याकडच्या बुटक्या बांध्याच्या बायकांना हे गुणोत्तर फार उपयोगाचे आहे. १४८ सेंमी उंचीच्या बाईला ७६ ची कंबर ८० च्या रेषेखाली असली तरी गुणोत्तर ०.५१ येते.

## टप्पा ५: नितंब

बाजूने पाहून नितंबांचा सर्वांत रुंद भाग शोधा, टेप तिथे आडवी. पाय जवळ, एकच पातळ कपडा. रुमाल, मोबाइल, पैशांची पुडी काढून ठेवायला लावा. कंबर भागिले नितंब ०.८५ किंवा जास्त आल्यास ते बायकांसाठी जास्त धरतात. झाले.

तपासा: कंबरेचा आकडा नितंबापेक्षा मोठा आला तर पुन्हा मोजा. असे खरेच असू शकते, पण बहुधा टेप कुठेतरी घसरलेली असते.

## टप्पा ६: चरबीचा टक्का

अंगात एकूण चरबी किती, हे दोन रीतींनी काढतात: चिमटा म्हणजे कॅलिपर, आणि पायाखालचे विजेचे यंत्र. क्ष-किरणांनी चरबी मोजणारा डेक्सा स्कॅन अधिक नेमका, पण तो शिबिरात कुणी आणत नाही.

माझे स्पष्ट मत: कंबर नीट घेता येत नसेल तर टक्क्याच्या मागे लागू नका. बायकांना टक्क्याचे आकर्षण असते, कारण यंत्रावर तो लगेच उमटतो. पण सिंड्रोमच्या अंदाजासाठी चरबी कुठे आहे हे ती किती आहे यापेक्षा जास्त सांगते. पोटातल्या आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात. तिथे ट्रायग्लिसराइड्स वाढतात, इन्शुलिनचा जोर कमी पडतो. मांड्या-नितंबांवरची चरबी त्या मानाने जागची हलत नाही. पाळी बंद झाल्यावर चरबीचा मुक्काम मांड्यांकडून पोटाकडे सरकू लागतो, तेव्हा वजन तेच राहूनही कंबर वाढते.

### चिमट्याने

चार जागा, सगळ्या उजव्या बाजूला: दंडाचा पुढचा भाग, दंडाचा मागचा भाग, खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाखाली आणि कंबरेच्या हाडाच्या कडेच्या जरा वर. दंडावरच्या दोन्ही घड्या उभ्या, खांद्याच्या टोकाचे हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. पाठीवरची आणि कंबरेवरची तिरकी.

अंगठा आणि तर्जनीने कातडी व तिच्याखालची चरबी उचला, स्नायू नको. कॅलिपरची टोके बोटांपासून १ सेंमी खाली लावा, खटका पूर्ण सोडा आणि दोन सेकंदांनी वाचा. वाचेपर्यंत बोटांची पकड सोडायची नाही. चारही जागांची एक फेरी पूर्ण करून मगच दुसरी फेरी. एकाच जागी लागोपाठ दोनदा दाबले की चरबी दबते आणि दुसरा आकडा कमी येतो.

तेलाने न्हालेल्या अंगावर घडी निसटते. आधी कोरडे पुसा. स्वस्त प्लास्टिकच्या कॅलिपरला ठरावीक दाब नसतो. चांगल्याचा दाब दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम असतो. घडी कॅलिपरमध्ये मावत नसेल किंवा तिच्या दोन बाजू समांतर उचलल्या जात नसतील तर त्या बाईसाठी चिमटा सोडून द्या.

चार आकड्यांची बेरीज करून १९७४ च्या डर्निन-वोमर्स्ली सूत्रात घाला. ४० ते ४९ वयाच्या बायकांसाठी:

घनता = १.१३३३ − (०.०६१२ × बेरजेचा लॉग)
चरबीचा टक्का = (४९५ ÷ घनता) − ४५०

उदाहरण: १२ + २२ + २४ + २२ = ८० मिमी. ८० चा लॉग १.९०३. घनता १.०१६८. टक्का ३६.८.

इशारा, वयाची ओळ: प्रत्येक वयोगटाचे आकडे वेगळे आहेत. २०-२९ साठी १.१५९९ आणि ०.०७१७, ३०-३९ साठी १.१४२३ आणि ०.०६३२, पन्नाशीनंतर १.१३३९ आणि ०.०६४५. वरच्याच बाईला चुकून २०-२९ ची ओळ लावली तर ३६.८ चे ३३.७ होतात.

इशारा, लॉगचे बटण: मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर लॉगची दोन बटणे असतात. १० च्या पायाचा लॉग हवा. १०० चा लॉग काढून पाहा. २ आला तर बटण बरोबर, ४.६ आला तर चुकीचे. चुकीच्या बटणाने आपल्या उदाहरणातली बाई १२२ टक्के चरबीची ठरते. असे आकडे प्रकल्पाच्या वह्यांत जसेच्या तसे उतरवलेले सापडतात.

हे सूत्र ग्लासगोच्या लोकांवर बेतलेले आहे. आपल्या बायकांवर ते काही टक्क्यांनी इकडेतिकडे जाणार. एका बाईची आजची आणि सहा महिन्यांनंतरची तुलना मात्र त्यावर चांगली होते.

### यंत्राने

यंत्र पायांतून सौम्य वीज सोडते आणि विरोध किती यावरून शरीरातले पाणी ठरवते. चरबी हा त्यानंतरचा हिशेब. म्हणून पाणी बदलले की चरबी बदललेली दिसते. मे महिन्यात घामाने सुकलेल्या बाईची चरबी जास्त दिसते, सूज असलेलीची कमी.

उपाशीपोटी, लघवी करून, आदल्या दिवशी कष्टाचा व्यायाम नाही, दारू नाही. तळपाय ओल्या फडक्याने पुसा. भेगाळलेल्या, कोरड्या टाचांवर यंत्राला स्पर्श नीट मिळत नाही. जोडवी-पैंजण काढता आली तर काढा. जोडवी काढायला कुणी तयार नसेल तर आग्रह नको, फक्त पुढच्या वेळीही ती तशीच असू देत.

दोन पायांवर उभे राहायचे यंत्र मुख्यतः पायांतून मोजते आणि पोटाचा अंदाज सूत्राने भरते. त्यावर दिसणारा ‘पोटाच्या चरबीचा’ आकडा टेपला पर्याय नाही.

बायकांमध्ये ३५ टक्क्यांपुढे जास्त ही जुनी रेषा. भारतीय बायकांसाठी अनेक अभ्यासक ३० धरतात. चिमट्याचा टक्का आणि यंत्राचा टक्का एकाच रकान्यात कधीही लिहू नका.

## टप्पा ७: बीपी आणि रक्त

पाच मिनिटे खुर्चीत शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटे वाढते, म्हणून मोठा पट्टा जवळ ठेवा. एक मिनिट सोडून दोनदा घ्या, सरासरी लिहा.

रक्तासाठी १० ते १२ तास फक्त पाणी. ‘आज संकष्टी आहे, उपाशीच आहे’ म्हणणारीला सकाळपासून काय काय घेतले ते नीट विचारा. दूध घातलेला चहा, साबुदाणा, केळे निघते. अशीला दुसऱ्या दिवशी बोलवा. चतुर्थीच्या नेवऱ्या आणि लग्नांच्या पंगती चालू असताना ट्रायग्लिसराइड्स तपासू नका. दोन आठवडे घरचे नेहमीचे जेवण झाल्यावर तपासा. ताप किंवा आजारपणातही थांबा.

बोटातल्या थेंबाची साखर चाळणीपुरती ठीक. निदानासाठी शिरेतले रक्त.

## टप्पा ८: आकडे एकत्र वाचणे

दोन काल्पनिक बायका घेऊ.

पहिली ४२ वर्षांची, उंची १५२, वजन ५४. बीएमआय २३.४, म्हणजे २३ च्या रेषेच्या जेमतेम वर, दिसायला बारीकच. कंबर ८४, नितंब ९६. कंबर-उंची ०.५५, कंबर-नितंब ०.८८. चरबी ३६.८ टक्के. दुसरी त्याच वयाची, उंची १६०, वजन ६८. बीएमआय २६.६. कंबर ७८, नितंब १०६. कंबर-उंची ०.४९, कंबर-नितंब ०.७४. चरबी ३७ टक्के.

बीएमआयवर जाल तर दुसरीला रक्ततपासणीला पाठवाल. टक्क्यावर जाल तर दोघी सारख्या. कंबर आणि दोन्ही गुणोत्तरे पहिलीकडे बोट दाखवतात आणि चाचणीचा एकच कागद शिल्लक असेल तर तो पहिलीला द्या. दुसरीला सोडायचे नाही, ७२ च्या वर ती आहेच आणि वजनही वाढलेले आहे, पण तिचा नंबर नंतरचा.

वाचण्याचा क्रम असा ठेवा: आधी कंबर, मग कंबर-उंची, मग कंबर-नितंब, मग टक्का, शेवटी बीएमआय. तक्त्यात रकानेही याच क्रमाने आखा, म्हणजे नजर आधी बीएमआयवर जाऊन अडकणार नाही.

लगेच डॉक्टरकडे: साखर उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड्स ५०० किंवा जास्त, आणि बीपी पुन्हा मोजूनही वरचे १८० किंवा खालचे ११० च्या पुढे. बीपीवालीला त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचवा, सोबत कुणाला तरी द्या. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल तर १०८.

## टप्पा ९: पुष्कळ जणींचा तक्ता असेल तर

प्रकल्प करणाऱ्या मुली इथे हमखास अडखळतात. कंबर स्वतःच सिंड्रोमच्या पाच बाबींपैकी एक आहे. मग ‘कंबरेवरून सिंड्रोमचा अंदाज उत्तम येतो’ असा निष्कर्ष निघाला तर त्यात नवल काय? कंबर उत्तरातच बसलेली आहे. कंबरेची आणि चरबीच्या टक्क्याची खरी तुलना करायची तर कंबर बाजूला काढा आणि उरलेल्या चारांपैकी दोन किंवा जास्त बाबी कुणाला आहेत ते मोजा. मग दोन्ही मापे त्याच्यासमोर लावा.

दुसरी गोष्ट रेषेची. समजा १०० बायकांपैकी ३० जणींना खरोखर सिंड्रोम आहे. तुमच्या रेषेने त्यातल्या २४ पकडल्या आणि बाकी ७० पैकी २८ जणींनाही चुकून ओढले. एकूण ५२ जणींवर खूण, त्यातल्या २४ खऱ्या. म्हणजे खूण असलेल्या निम्म्याहून जास्त बायकांना सिंड्रोम नाही. रेषा खाली आणाल तर सुटणाऱ्या सहा कमी होतील, पण उगाच ओढल्या जाणाऱ्या वाढतील. शिबिरासाठी मी रेषा खालीच ठेवीन, कारण चुकीच्या खुणेची किंमत एक रक्ततपासणी आहे. पण मग खूण असलेल्या बाईशी बोलताना ‘तुम्हाला आहे’ म्हणायचे नाही. ‘तुमचं रक्त तपासून घेऊ, काकी’ एवढेच.

तक्ता पुरा झाला की कंबरेच्या रकान्यातला दशांश पाहा. ओळीने .० आणि .५ दिसले तर मोजणारीने मनाने गोल केले आहे. ती मापे पुन्हा घ्या.

## टप्पा १०: पुन्हा मोजणे

तीन महिन्यांनी, त्याच टेपने, शक्यतो त्याच हाताने, सकाळीच. एखाद्या सेंमीच्या फरकाला कौतुकही नको आणि ओरडाही नको, तेवढा फरक मापाच्या चुकीतच जातो. दोन-तीन सेंमी कमी झाले आणि तसेच राहिले तर ते खरे धरा. यंत्रावरचा टक्का आठवड्याला पाहणे बंद करायला सांगा, त्यातला बराचसा चढउतार पाण्याचा असतो.

कार्डावर आकड्यांशेजारी एक रुंद रकाना मोकळा ठेवा: मापाची जागा, कपड्याचा थर, पाळीचा दिवस, चालू गोळ्या, कोणी मोजले. पुढच्या वेळी आकडा विचित्र आला की आधी याच रकान्यात कारण शोधा.